उरलेल्या भाताचे मालक

“आणि उरतं ते कुणाला जातं?”

माधवकाकांचा डाव सांबारातच थांबला. म्हणजे ही बाई त्याचसाठी आली होती!

परदेशात, सेरंगून भागातल्या त्या देवळात दर शनिवारी अन्नदान असायचं आणि अकरा वर्षं स्वयंपाकघराची किल्ली काकांकडे होती. एरवी ते तोआ पायोह भागातल्या एका ऑफिसात कागद फायलींना लावायचे. लिफ्टमध्ये कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, की आपल्यालाच का, म्हणून मागे वळून बघणारे. शनिवारी मात्र चारशे पानं त्यांच्या शब्दावर मांडली जायची!

कमिटीचा नियम एकच : इथलं अन्न इथेच बसून खायचं, बाहेर न्यायचं नाही. आणि काका दर शनिवारी मागच्या दाराने सात डबे बाहेर द्यायचे. पलीकडे इमारत बांधणाऱ्या मजुरांना. त्यांची जेवणाची सुट्टी पंगत बसायच्या आधीच संपायची.

कमिटीला कळलं, की किल्ली गेलीच.

आता ही इरा. गळ्यात युनिव्हर्सिटीचं कार्ड, मराठी अस्सल पुण्याचं. सकाळपासून पातेली मोजत होती. तांदूळ कोण देतं, भाजी कोण चिरतं, सगळं वहीत. कार्ड काय, कुणीही छापून घेतं! कमिटीनेच धाडली असणार.

“काही उरत नाही,” काका म्हणाले.

“एवढाल्या पातेल्यांत?”

“लोक दाबून जेवतात.”

“मग टॉवेलखाली ते डबे कुणाचे?”

“माझे.”

“सातही?”

“मला भूक फार लागते.”

इरा खळखळून हसली. हसू दे. हसवून माहिती काढायची यांची रीतच असते.

“काका, मी कोण वाटले तुम्हाला? अहो, मी हजार वर्षांपूर्वीच्या देवळांवर पीएचडी करतेय. तेव्हा देऊळ म्हणजे नुसती पूजा नव्हती. गावाचं कोठार, शाळा, कुठे कुठे दवाखानासुद्धा! माळी, कुंभार, ढोल वाजवणारा, झाडणारी, कितीतरी जणांची मजुरी म्हणजे नैवेद्याच्या भातातला वाटा. आणि कुणाचा वाटा किती, ते भिंतीवर कोरून ठेवायचे.”

“दगडात? भातासाठी?”

“हो ना! चंद्रसूर्य असेपर्यंत हा वाटा यांचाच. उद्या नवा कारभारी आला तरी त्याला काढून घेता येऊ नये. लिहिलेलं नसेल, तर बंद करायला कितीसा वेळ लागतो?”

काकांनी डाव पातेल्यावर ठेवला. त्यांना त्रेसष्ट वर्षं पुरी होत आली होती. किल्ली आज ना उद्या दुसऱ्याकडे जाणार. तो मागचं दार लावून घेईल, आणि काही बंद झालं हेसुद्धा कुणाला कळणार नाही. अकरा वर्षं आपण लपवलं ते कुणासाठी? किल्लीसाठीच ना?

“तू लिहिलेलं कमिटी वाचेल?”

“छापलं की कुणीही वाचेल. तुमचं नाव नको असेल तर नाही घालत.”

काकांनी टॉवेल बाजूला केला.

“माझं घाल. पण आधी ही नावं घे. सेल्वम. अनबू. रफीक. बाबू. राजेंद्रन. शाहीन.” काकांनी सातवा डबा पुढे ओढला. “मुरुगेसन. त्याचं कामाचं परमिट संपलं. गेल्या महिन्यात मायदेशी परत पाठवला.”

“मग त्याचा डबा?”

“भरतो. हात थांबत नाही. बाकीचे वाटून खातात.”

“लिहू त्याचं?”

“लिही.”

तिने लिहिलं.

“वाच बघू एकदा,” काका म्हणाले.

इरा वाचू लागली. काका हात पुसून सरळ उभे राहिले आणि एकेक नाव ऐकत गेले.