ड्रेसरमामांचा जोर

“मामा, जोर लावा की!” बैलाच्या मानेवर बसलेला मालक ओरडला.

गुरांच्या दवाखान्यातल्या ड्रेसरमामांनी दात-ओठ खाऊन चिमटा आवळला. तीस वर्षांत हजारो बैल त्यांनी असेच खच्ची केले होते. कट्‌ असा आवाज आला की काम फत्ते. आज मात्र चिमटा अर्ध्यातच अडकला. बैलानं हंबरडा फोडत पाय झाडला आणि मामा भिंतीवर आदळले. उठले तेव्हा पायजमा रक्तानं भिजला होता. लाथेला कशाला बोल लावायचा? लघवीतून रक्त महिनाभर जातच होतं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टात हार्मोन भलतंच वाढलेलं पाहून विचारलं, “इंजेक्शनं कसली घेत होता?”

“अंगातला जोर गेला होता हो. दवाखान्याच्या कपाटात जनावरांचं हार्मोन होतं. सहा महिने टोचून घेतलं.”

जन्मभर दुसऱ्यांचा जोर काढणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचा ओसरलेला काही सोसवला नव्हता.

“अहो, वय झालं की अंडकोषातल्या पेशी थकतात, हार्मोन कमी होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण तुम्हाला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो त्याच हार्मोनवर पोसतो. तुम्ही त्याला आयता खुराक घातलात. आता दोन्ही अंडकोष काढावे लागतील. काही वर्षं मिळतील. नाहीतर सहा महिनेही कठीण.”

“मला खच्ची करता?” मामांनी पेपरवेट उचलून कपाटावर भिरकावला. काचांचा खच पडला.

घरी पोचल्यावर सगळं ऐकून बायको एवढंच म्हणाली, “ऑपरेशनच्या कागदावर सही करून टाका.”

“तोंड सांभाळ!” मामांनी तिचं मनगट धरून पिरगाळलं. आत काहीतरी कडकन मोडलं. ती किंचाळली आणि दुसऱ्या हातानं तिनं त्यांच्या कानाखाली सणसणीत वाजवली.

“तीस वर्षं मुक्या जनावरांच्या उरावर बसलात, एकाला तरी विचारलंत? मला घरात बैल नकोय. माणूस हवाय. जिवंत!”

मामांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांची किळस आली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात आधी तिच्या हाताला प्लास्टर घातलं, मग नर्सनं ऑपरेशनचा फॉर्म पुढे सरकवला. मामांनी न वाचता सही केली. खाली नातेवाइकाची सही हवी होती. बायकोनं डाव्या हातात पेन धरलं. कागद सारखा सरकत होता. मामांनी तो दोन्ही तळव्यांनी दाबून धरला आणि तिचं एकेक वाकडं अक्षर पुरं होईपर्यंत तसाच धरून ठेवला.