पट्टा सोडायचा राहिला

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे; पण चांदण्या बघणाऱ्या माझ्या बहिणींसारखी रात्रपाळीची नव्हे. माझं काम सूर्याकडे टक लावून बघण्याचं. जमिनीवरून ते नीट जमत नाही. मधली हवा सारखी थरथरते आणि चित्र पुसट होतं. म्हणून मला एका अवाढव्य फुग्याला टांगून ढगांच्याही कितीतरी वर सोडायचं ठरलं.

माझा आरसा घडवण्यात शास्त्रज्ञबाईंची उमेदीची वर्षं गेली. फुगा एकदाच मिळणार होता. ही संधी हुकली तर काम कायमचं बंद, असं त्यांना वरिष्ठांनी बजावलं होतं. मला जोडणारे फिटरकाका तर मला तळहातावरच्या फोडासारखं जपत. मैदानापर्यंतचा रस्ता खडबडीत, म्हणून ट्रकमध्ये त्यांनी माझी नळी खालच्या चौकटीशी एका जादा पट्ट्याने आवळली. उड्डाणाआधी बाकीच्या बांधण्या नियमाप्रमाणे निघाल्या. हा पट्टा नियमातलाच नव्हता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आला नाही.

वर पोचले. काळंभोर आकाश, समोर लख्ख सूर्य, आणि मला मान वर करता येईना! जीव नुसता तळमळला. खाली नियंत्रण खोलीत सगळे मला वळवणाऱ्या मोटरला नावं ठेवू लागले. काका गप्प बसले असते, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ते उठून बाईंपुढे उभे राहिले.

"बाई, मोटर चांगली आहे. मी एक पट्टा बांधला होता, तो सोडायचा राहिला."

बाईंनी पडद्यावरचे मोटरचे आकडे बघितले. मग म्हणाल्या, "मोटरने जोर लावला तर तुटेल?"

"तुटेल. पण मोटरही जळेल कदाचित."

"लावू द्या जोर."

हिसक्यामागून हिसके बसले. माझी नळी चेपली, पण पट्टा तुटला. मग मी सूर्य बघितला, अगदी पोटभर. त्याच्या डागांच्या कडेचे बारीक धागेसुद्धा मोजता येत होते. संध्याकाळच्या आत मोटर जळाली आणि पुढचे ठरलेले दिवस फुकट गेले. तरी तेवढ्या चित्रांवर बाईंचं काम तगलं.

पॅराशूटने उतरले, ती थेट गोदामात. धूळ बसू नये म्हणून मला जाड गवसणी घातली आहे. काका कधीमधी येतात, गवसणी काढतात आणि मला खिडकीकडे तोंड करून ठेवतात.

मित्रांनो, काकांवर माझा राग नाही. तुम्हीही आपल्या वस्तूंना जपा, माणसांना जपा. फक्त, ज्याला जिथे जायचं होतं तिथे तो पोचला, की त्याला मोकळं करा. तेही जपण्यातच येतं.