देगलूर अजून यायचंय

शिवप्पा बिराजदारांची सारी नोकरी अहमदपूरच्या बसस्टँडवर गेली. वाहतूक नियंत्रक. म्हणजे खिडकीमागे बसायचं आणि आली गाडी की माईक तोंडाशी धरून सांगायचं, अमुक गाडी तमुक फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी याची नोंद घ्यावी. उभ्या आयुष्यात हा माणूस लोकांना जायला सांगत राहिला आणि रिटायर झाल्यावर त्याच्याच घरातले एकेक जण गेले. आधी मुलगी मंजुश्री, लग्न होऊन पुण्याला. मग बायको पार्वतम्मा, कायमची. घरात अप्पा उरले आणि त्यांची घड्याळं उरली.

घड्याळं टेबलावरची. जुनी, चावीची, ठोके देणारी. भिंतीवरच्या घड्याळांत अप्पांना रस नव्हता. "भितीवरचं घड्याळ साऱ्या घराचं असतंय, टेबलावरचं एका माणसाचं," असं ते म्हणत. त्यामुळे कोणतंही घड्याळ हाती आलं की ते कुणाच्या टेबलावर होतं, हे अप्पा आधी विचारून घेत. हिमायतनगरचं होतं एका जिनिंगच्या मॅनेजरचं, ते भंगारात सापडलं. उदगीरचं वकिलाचं. शिरूर अनंतपाळचं एका डॉक्टरचं, त्याच्या सुनेला ठोक्यांनी झोप येत नव्हती म्हणून तिनं ते खुशीनं देऊन टाकलं. नांदेडचं कुणाचं ते कळलं नाही आणि ती रुखरुख अप्पांना अजून होती. माणसांची नावं त्यांनी घड्याळांना दिली नाहीत. गावांचीच दिली, एस.टी.च्या पाट्यांसारखी. उदगीर, शिरूर, हिमायतनगर, नांदेड.

आलेलं घड्याळ बहुधा अर्धमेलं असायचं. आत तेलाचा डिंक झालेला, कोपऱ्यात झुरळांची अंडी, आणि कुण्या दीडशहाण्यानं दुसऱ्याच घड्याळाचा काटा ठोकून बसवलेला. अप्पा स्टीलच्या ताटात एकेक चाक काढून ठेवत, ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं. पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं घासत. चाकांच्या आसांची बारीक भोकं कडुनिंबाची काडी तासून तिनं साफ करत. मग सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन एकेका भोकात सोडायचा, आणि तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरायचा. डायल मात्र ते कधी रंगवत नसत. डाग असले तर असू द्यायचे. "डाग पुसाय गेलं की आकडे बी जातेत," हे त्यांचं मत.

पार्वतम्मा होती तेव्हा सगळी घड्याळं मोबाइलच्या टायमाला मिळवलेली असत आणि तास झाला की एकदम बोंबलत. पार्वतम्मा कानांवर हात ठेवून म्हणायची, "अव, ह्या बया तासाला एकदा वरडतेत तरी. तुमचं तर वरडणं बी न्हाई." अप्पा घरात फार बोलत नसत, हे खरं. दिवसभर माईकवर बोलून आलेला माणूस घरी येऊन काय बोलणार? तिचं बोलणं ऐकत ते काडी तासत बसायचे, आणि आपण ऐकतोय हे तिला कळत असेल असं धरून चालायचे.

ती गेल्यावर त्या ठोक्यांतली गोम कळली. सात वाजले की सगळी मिळून कोलाहल करायची आणि तो विरला की आठ वाजेपर्यंत घर असं मुकं व्हायचं की फ्रिज सुरू झाला तरी अप्पा दचकत. पहिले काही दिवस त्यांनी ते सोसलं. मग त्यांच्यातला नियंत्रक जागा झाला. एका फलाटावर एकदम चार गाड्या कुणी लावतं का? त्यांनी वेळापत्रक बसवलं. आधी शिरूर. त्यानंतर थोड्या मिनिटांनी उदगीर. मग जरा दमानं हिमायतनगर, आणि शेवटी नांदेड. आता सातचे ठोके पडायला लागले की अप्पांची भाकरी खाऊन होईपर्यंत घरात कुणी ना कुणी बोलत असायचं. शिरूर वाजलं की अप्पा म्हणत, "या." उदगीरला जरा उशीर झाला की, "काहून लेट? टायर बसलं का?" खरी वेळ काय ते मोबाइल सांगत होता, तिची त्यांना फारशी गरजही नव्हती.

फळीवर आणखी एक घड्याळ होतं, देगलूर. ते पार्वतम्माच्या वडिलांच्या टेबलावरचं, लग्नात तिच्याबरोबर आलेलं. दर सोमवारी लिंगपूजा झाली की कपाळावर विभूती तशीच असताना ती त्याला चावी द्यायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. ती गेल्यानंतरच्या सोमवारी अप्पांनी पहिल्यांदा त्याला चावी दिली, तर आत काडकन काहीतरी तुटलं. स्प्रिंग तुटली, दुसरं काय. अशा कितीतरी स्प्रिंगा अप्पांनी बसवल्या होत्या. पण देगलूर त्यांनी कितीदा उघडलं आणि कितीदा स्क्रू परत लावून फळीवर ठेवून दिलं. त्यांची छातीच होत नव्हती.

हे सगळं बरं चाललं होतं, पण शेजारी केवळाबाई होत्या. बाई वाईट नाहीत. रोज तांब्याभर ताक आणून देतात. पण ताक देताना त्यांचे डोळे घरभर फिरतात. एकदा त्यांनी फळीवरची घड्याळं पाहिली, मग अप्पांना उदगीरशी बोलताना ऐकलं, आणि घरी जाऊन थेट पुण्याला फोन लावला. "मंजू, तुझ्या बापाकडं बघ गं बाई. जन्मभर टायमाची नोकरी केलेला माणूस, आन् घरात जितकी घड्याळं तितके टाइम. वरून त्यांच्याशी बोलून राहिलेत."

मंजुश्री त्याच शनिवारी आली. अप्पांना काय आनंद! ते वांगी आणायला गेले, शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली, तिच्यासाठी गादीला ऊन दाखवलं. मनाशी एक ठरवलंही. या खेपेला सांगून टाकायचं. दर वेळी ती विचारते, "करमतं ना अप्पा?" आणि आपण "हाव" म्हणतो. या वेळी न्हाई म्हणायचं. मला इथं करमत न्हाई, मंजू. एवढंच. मग तिला काय म्हणायचं ते म्हणू दे.

पण जेवताना ती भलतंच विचारायला लागली. "अप्पा, आज वार कोणता?" "गॅस बंद करायचं ध्यानात राहतं ना?" "माझ्या सासऱ्यांचं नाव सांगा बरं." अप्पांना आधी गंमत वाटली. मग घास हातातच राहिला. पोरगी करमतं का हे विचारायला आलेली नव्हती, बापाचं डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला आली होती.

जेवण आटोपल्यावर ती फळीसमोर उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, ही सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवताहेत. का हो?"

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. पण अप्पांना आपलं उत्तर आधी मनात ऐकू आलं. घर खायला उठतंय, म्हणून मी घड्याळांना पाळीपाळीनं बोलायला लावलंय. म्हातारा माणूस लेकीला हे सांगणार? आणि ती काय करणार? तिचं दोन खोल्यांचं घर, त्यात सासू-सासरे, तिची नोकरी. ती रडेल. रडत पुण्याला जाईल आणि तिथंही रडेल. त्यापेक्षा विसरभोळा बाप परवडला. म्हातारपणी विसरायला तर साऱ्या जगाची परवानगी असते.

"विसरलो असंन मिळवायचं," अप्पा म्हणाले. "आजकाल ध्यानात ऱ्हात न्हाई माय."

मंजुश्रीचे डोळे भरून आले. तिनं मोबाइल समोर ठेवला आणि एकेक घड्याळ घेऊन मिळवायला बसली. बापाकडून शिकलेलं ती विसरली नव्हती. काटा मागे फिरवायचा नाही, पुढेच न्यायचा, आणि वाटेत लागेल तो प्रत्येक तास घड्याळाला पुरता वाजू द्यायचा. त्यामुळे सारी दुपार घरात ठोके पडत राहिले. ती गप, अप्पा गप, घड्याळं तेवढी बोलत होती. शेवटी तिनं देगलूर उचललं, कानाशी धरलं, हलवून पाहिलं.

"आईचं हे वाजतच नाही आता?"

"त्याची गाडी रद्द हाय," अप्पा म्हणाले. तिनं पदरानं त्याची काच पुसली आणि ते जागच्या जागी ठेवलं.

संध्याकाळी सहा वाजता चारही घड्याळं एकदम वाजली. एकही मागेपुढे नाही. मंजुश्री लहानपणी टाळ्या वाजवायची तशी टाळी वाजवून म्हणाली, "बघा अप्पा! सगळी बरोबर!"

"लई छान," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते तिला स्टँडवर सोडायला गेले. ती त्यांना गोळ्यांबद्दल सांगत होती. पुण्यातले एक डॉक्टर आहेत, ते फोनवरही बघतात. अप्पा मान हलवत होते आणि मनात एकच वाक्य घोळवत होते. खिडकीमागच्या नव्या पोरानं माईकवर पुण्याची गाडी पुकारली. एवढ्या घाईनं पुकारतात होय? अप्पा पुकारायचे तेव्हा थोडं थांबायचे, निरोप घेणाऱ्यांचं बोलणं उरकू द्यायचे. वाक्य तोंडाशी आलं तोवर मंजुश्री पायरी चढली होती.

घरी आले तर दहा वाजत होते. चारही घड्याळं एकदम वाजली, आणि पुढे तासभर काही नाही. अप्पा फळीपाशी गेले. काटे थोडे थोडे पुढे सरकवायला किती वेळ लागतो? पण हात जाईना. हे काटे लेकीनं बसवले होते. तिनं डोळे पुसत, एकेकाला मांडीवर घेऊन मिळवले होते. ते हलवले की तिचं येणंच पुसल्यासारखं होणार. डागाला हात न लावणारा माणूस, तो हे कसं करणार? ते खाटेवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांना पार्वतम्माची इतकी आठवण आली की त्यांनी तिला मोठ्यानं हाक मारली.

मग दर सोमवारी ते चावी देत राहिले, फक्त चावी. पाठीमागच्या, चाल कमी-जास्त करायच्या खटक्याला बोट लावलं नाही. आता जुन्या घड्याळांची गंमत अशी की एकासारखं दुसरं चालत नाही. शिरूर उतावळं, नांदेड जात्याच आळशी. काही आठवड्यांनी शिरूर बाकीच्यांच्या किंचित आधी वाजलं. अप्पांनी हातातलं काम ठेवलं आणि वर पाहिलं. आणखी काही आठवडे गेले आणि उदगीर सुटं झालं. अप्पा कुणालाच काही बोलले नाहीत, पण जेवण जरा बरं जायला लागलं.

मंजुश्रीचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. हल्ली तो परीक्षेपासूनच सुरू होई.

"अप्पा, आज वार कोणता?"

"आईतवार. तुझा फोन आलाय म्हणजे आईतवारच."

ती हसली नाही. गोळ्या घेता का, केवळाकाकू येतात का, असं तिचं चाललं होतं, तेवढ्यात शिरूरनं सातचे ठोके दिले. ती पुढे बोलत राहिली. मग उदगीर वाजलं. ती थांबली.

"हे दुसरं? अप्पा, मी सगळी एकदम लावून आले होते."

"हाव. तू लावलीस तशीच हायत. मी हात लावला न्हाई. ज्याची त्याची चाल हाय, हळूहळू सुटी झाली."

"मग पुन्हा मिळवा ना. जमत नाही का आता?"

अप्पांनी खाटेची कड धरली. "जमतंय. पण मिळवणार न्हाई. एकदम वाजली की मग तासभर ह्या घरात कुणी बोलत न्हाई, मंजू. म्हणून मीच येगयेगळी लावली होती."

फोन कटला की काय म्हणून अप्पांनी तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता. हिमायतनगर वाजलं, सातही ठोके, दमानं.

"म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात," मंजुश्री म्हणाली.

"न्हाई."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो माय. तुझी गाडी लागली."

ती रडत होती. अप्पांना तेच नको होतं, आणि तरी छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. नांदेड नेहमीसारखं रेंगाळत वाजलं. दोघांनीही ते शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकलं.

"झाली का सगळी?" तिनं विचारलं.

अप्पांनी फळीकडे पाहिलं. सगळी झाली होती. कडेला देगलूर होतं, काटे थांबले तिथंच थांबलेले. त्या दुपारी मंजुश्रीनंच ते कानाशी धरून पाहिलं होतं.

"देगलूर अजून यायचंय," अप्पा म्हणाले.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी मंजुश्रीला हाक मारली, मग पुन्हा मारली.

"येऊ द्या," ती म्हणाली. "मी हाय."