धुरी लागली की येती

आम्हा आशा सेविकांना औंदा नवीनच खूळ दिलं. तासगाव भागात आणखी पंचवीस वर्षांनी दमेकरी किती असतील ते पुण्यातला कॉम्प्युटर सांगणार, आन् त्यासाठी आज किती हायत ते ह्या राणीनं घरोघर विचारत फिरायचं. आता आमच्या गावात दमा कुणाला असतो व्हय? खोकला असतो, कफ असतो, घसा धरलेला असतो. दमा म्हटला की पोरीची सोयरीक मोडली. शेडवर बेदाण्याला गंधकाची धुरी दिली की अर्धी गल्ली खोकत बसती, पण विचारलं की समदे ठणठणीत. मी बी चिडून सगळीकडं शून्य टाकत सुटले.

बनुबाईंच्या दारात आले तवा दुपार कलली होती. मागच्या शेडवर नुकतीच धुरी लागली होती, डोळं चुरचुरत होतं. बनुबाईंची सून अंजना गेल्या साली ह्याच दिवसांत दम्यानं गेली. नणंदेला बघायला पाव्हणं येणार होतं, म्हणून सासूनं अंजनाचा दम्याचा, तोंडानं ओढायचा पंप कपाटात कुलपात ठेवला होता. गल्लीला समदं ठावं हाय, बोलत कुणी न्हाई. आता लेक सासरी, ल्योक ट्रकवर. घरात म्हातारी आन् अंजनाची सहा वर्षांची क्रांती, दोघीच.

घरात दम लागणारं कुणी हाय का, मी विचारलं. कुणी न्हाई, म्हातारी म्हणाली. तेवढ्यात आतल्या खोलीच्या बंद दाराआडनं आवाज आला. सूंऽऽ… बारीक, लांबट. अंजनाचा श्वास मी ऐकलाय. असाच होता.

बनुबाई माझ्याकडं टक लावून बघत होती.

"तुला बी ऐकू आलं?"

व्हय म्हटलं, तशी ती मटकन खाली बसली आन् रडत सांगाय लागली. धुरी लागली की अंजना येती. महिना झाला. लिंबू उतरवलं, नारळ दिला, पाया पडून माफी मागितली, तरी येती. आवाज सुरू झाला की ही दार ओढून घेती आन् हितं सोप्यात बसून राहती.

"आवं, मग क्रांती कुठं असती तवा?"

"आत. निजलेली."

देवा रं! मी दार ढकललं. पोर कोपऱ्यात गुडघं पोटाशी घेऊन, तोंड उशीत खुपसून बसली होती. खांदं वरखाली होत होतं. उशी ओढली तर ओठ निळं. पंचवीस वर्षांचं विचारत फिरणारी मी, पण ही पोर आजची सांज काढती का न्हाई, ह्याचंच मला भ्या वाटलं.

उचलली, बाहेर आणली. स्कूटीवर मागं बनुबाईला बसवलं आन् पोर तिच्या मांडीवर दिली. म्हातारी अनवाणीच होती. दवाखान्याच्या वाटंला लागले तवा मी रागानंच विचारलं, "पोरी, हाक का गं मारली न्हाईस?"

ती एकेक शब्द ओढत बोलली.

"आवाज झाला… की आज्जी… भ्येती."