बैलजोडी देऊन घेतलेली मोटार

गहिनीनाथाने जनावरांच्या बाजारात उभ्या जन्मात हजारभर तरी सौदे केले असतील, पण लोकांच्या लक्षात राहिला तो एकच. सत्त्याण्णव साली त्याने देवणी बैलांची धडधाकट जोडी दिली आणि जमीनदार अंगदरावांची विलायती मोटार घेतली.

मोटार लाल, बुटकी, दोन दारांची. आत दोनच माणसं मावत, वर कापडाचा टप. शर्यतीत पळणारी जात आहे, असं अंगदराव सांगायचे. त्यांनी ती हौसेने मुंबईहून आणली, पण बीडच्या रस्त्यांवर तिचं पोट घासायला लागलं आणि हौस फिटली. गहिनीनाथाला मात्र ती बघताक्षणी आवडली, एखादं खोंड आवडावं तशी. आठ दिवस ती पळाली. नवव्या दिवशी जी बसली, ती बसलीच.

मग काय विचारता! लिंबागणेशच्या बाजारात नवं गिऱ्हाईक भेटलं, की कोणीतरी ओळख करून द्यायचंच, "हे ते, मोटारवाले." हे हसणं गहिनीनाथाने पचवलं. पण घरातलं बोलणं पचत नव्हतं. ती जोडी सत्यभामेला तिच्या बापाने आंदण दिलेली होती. तिने कधी आदळआपट केली नाही. फक्त मोटारीचा विषय निघाला की उठून आत जायची. अठ्ठावीस वर्षं ती अशी उठून आत जात होती. 'तुमी बरोबर केलं' एवढे तीन शब्द तिच्या तोंडून एकदा ऐकावेत, ही गहिनीनाथाची इच्छा. देवापुढेही तो गुपचूप हेच मागायचा.

आणि यंदा उन्हाळ्यात तो योग जुळून आला. सून बबिता हिने गोठ्यातल्या मोटारीचा फोटो जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून चिटणीस नावाच्या गृहस्थांचा फोन आला. असल्या शर्यतीच्या जुन्या गाड्यांचे भाव दरसाल चढताहेत, दहा वर्षांपूर्वी भंगारात जायच्या तसल्या गाड्यांसाठी आता लोक ताटकळतात, असं काय काय त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, गाडी फोटोत दिसते तशी असेल तर नऊ लाख.

"म्हंजी जनावर म्हातारं होतंय आन् भाव वाढतोय?" गहिनीनाथाने दोनदा विचारून घेतलं. पन्नास वर्षांच्या धंद्यात असलं आक्रीत त्याने ऐकलं नव्हतं.

"हाव मामा," बबिता म्हणाली. "रविवारी येतेत. पर गाडीला हात लावू नका म्हनलेत. हाय तशीच ठेवा म्हने."

गहिनीनाथ गालातल्या गालात हसला. हे त्याला कोण शिकवणार? घेणारा नेहमीच म्हणतो, जनावर आहे तसं दाखवा. शेणामातीने भरलेलं दिसलं की त्याला भाव पाडायला जागा मिळते. चिटणीस शहाणा गडी दिसत होता. पण गहिनीनाथ काय दूधखुळा होता? बाजाराला न्यायचं जनावर धुऊन, शिंगं साळून, रंगवून न्यायचं, हे त्याच्या रक्तातच होतं.

शनिवारी सकाळी बबिता माहेरी गेली आणि गहिनीनाथ कामाला लागला. आधी पॉलिश पेपरने मोटार अशी घासली की जुना रंग भुसकटासारखा उडाला. मग फाटकाला आणलेला लाल ऑइलपेंट उरला होता, तो ब्रशने दोन हात मारला. टायर चिरलेले होते. त्यांत नव्या ट्यूबा घालून हवा भरली आणि वरून तिळाचं तेल चोपडलं. दोन्ही आरशांना बैलांचे गोंडे बांधले. लांब उभं राहून बघितलं तर मोटार पोळ्याला निघाल्यासारखी दिसत होती. त्याला धन्य वाटलं.

सत्यभामा दाराशी आली, बघून घेतलं, आणि उठून आत जावं तशी आत गेली.

रविवारी बबिता परतली आणि तिच्या मागोमाग चिटणीस आले. साठीचे, सडपातळ, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांचा गाड्या वाहून नेणारा ट्रक डांबरी रस्त्यावरच थांबला, कारण वस्तीची वाट अरुंद. चिटणीस गोठ्यात शिरले आणि मोटार बघून त्यांनी चक्क डोक्याला हात लावला.

"हे काय केलंत?"

"सजिवली," गहिनीनाथ म्हणाला.

"अहो, तिच्या अंगावर कारखान्यातला मूळ रंग होता! साठ वर्षांपूर्वीचा! फुटला असेल, उडाला असेल, पण पहिला होता. आमच्यात त्यालाच तर पैसे मोजतात."

"फुटक्या रंगाला पैसे?"

"हो!"

 गहिनीनाथ तिथेच कडब्याच्या पेंढीवर बसला. बबिताच्या डोळ्यांकडे त्याला बघवेना. चिटणीस फेऱ्या मारत राहिले, मान हलवत राहिले, आणि म्हणाले, "माफ करा, आता चारच्या वर नाही जाता येणार." चार लाखही काही थोडे नव्हते. पण ज्या माणसाने नऊचे चार केले, त्याला कोणती बायको बरोबर म्हणेल?

"आतून बघा की," सत्यभामा म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती, कोणाला कळलं नव्हतं. "कापड घेताना आपन उलटं करून बघतो का न्हाई?"

चिटणिसांनी दार उघडलं. खाली वाकले. मग बॅटरी काढून चक्क जमिनीवर आडवे झाले आणि मोटारीखाली शिरले. बराच वेळ नुसते बूट दिसत होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांना राख लागलेली होती आणि चेहरा उजळला होता.

"तळाला गंज नाही. एकही वायर उंदरांनी तोडलेली नाही. इतकी वर्षं! कोणी सांभाळली ही?"

"सांभाळती कशाला मी तिला," सत्यभामा म्हणाली. "तूर ठेवते आत, यंदाची परवाच काढली. तुरीला वल लागू ने म्हनून दगडावर चढवून घेतली. खाली राख पसरते दर पावसाळ्याला, आत लिंबाचा पाला घालते. धान्याच्या कनगीला करतो तसंच."

चिटणिसांनी तिला हात जोडले. रंग काय, पुन्हा देता येतो. तळ गंजला की गाडी संपली, असं ते म्हणाले आणि चाराचे साडेआठ झाले. गहिनीनाथाने सवयीने खांद्यावरचा रुमाल हातावर टाकून आतून बोटं पुढे केली, बाजारात छुपा भाव बोटांवर ठरतो म्हणून. चिटणिसांनी रुमालाखाली हात घालून शेकहँड केला. सौदा झाला. पैसे बबिताच्या फोनवर आल्याचं तिने दाखवलं.

मोटार ट्रकापर्यंत न्यायची कशी? इंजिन तर मुकं. मुलगा हरिओम याने मोटार दगडांवरून उतरवली, बैल आणले, जू ठेवलं, दोराने मोटार जुंपली. गहिनीनाथ स्टेअरिंगवर बसला. हरिओम बैलांना हाक देणार, एवढ्यात सत्यभामेने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, पदर सावरला आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली.

गहिनीनाथ बघतच राहिला. बैल चालू लागले. आरशांचे गोंडे हलू लागले. वस्तीतली माणसं दारांत आली, हसू लागली, पण ते हसणं आज टोचत नव्हतं.

"अगं," तो हळूच म्हणाला, "आता तरी म्हन. बैलं दिले ते काय वाईट झालं?"

"बैलांचं कोन बोलतंय?" सत्यभामा समोर बघत म्हणाली. "बैलं काय, आज हायेत, उद्या न्हाईत."

"मग कावून उठून जात व्हतीस गं? अठ्ठावीस साल?"



"मोटार आनली त्या दिशी मी नवं लुगडं नेसून दारात उभी राह्यले. तुमी सटवाला बसवून गेले. दुसऱ्या दिशी हरिबाला. मग ग्रामसेवकाला केजला सोडलं. आठ दिस रोज कुनाला न् कुनाला नेलं. मी रोज तेच लुगडं नेसले. नवव्या दिशी मोटारच बसली."

 आठ दिवसांतला एकेक माणूस गहिनीनाथाला आठवला. दारातली ती मात्र आठवेना, आणि हीच गोष्ट त्याच्या काळजाला लागली. तीन शब्द मागायला निघालेला माणूस, देणं त्याचंच होतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. बाजारात हे शब्द त्याने कधी उच्चारले नव्हते.

"बरं," ती म्हणाली. तेवढंच. पण तिने हात दारावर टेकवला आणि जरा ऐसपैस बसली.

डांबरी रस्ता आला. ट्रकाची फळी खाली टेकलेली होती. चिटणीस साखळी घेऊन पुढे आले आणि त्यांनी अदबीने सत्यभामेच्या बाजूचं दार उघडलं. ती उतरली नाही. गहिनीनाथाने तिच्याकडे पाहिलं, मग चिटणिसांकडे.

"साहेब, बाजाराचा कायदा हाय. घेनाऱ्याचं दावं गळ्यात पडस्तवर जनावर इकनाऱ्याचंच असतंय. तुमची साखळी अजून लागली न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी तुमी बबिताच्या हातचा चहा घ्या. आमी दोघं लिंबागणेशला गणपतीचं दर्शन घेऊन येतो."

"बैलांनी? अहो, तीन किलोमीटर आहे!"

"तुमीच म्हनले न्हवं का, जुनी होईल तसा भाव वाढतो? दोन तासानं आनखी जुनी व्हईल."

चिटणीस हसले आणि साखळी खांद्यावर टाकून बाजूला झाले. सत्यभामेने ते उघडलेलं दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं. हरिओमने बैलांची तोंडं लिंबागणेशकडे वळवली आणि आसूड उचलला, तशी ती आतून म्हणाली, "हळू हाक रं बाळा. घाई कशाची हाय?"