सव्वा फूट कापलेला पलंग

मी एक जुना पलंग आहे. आता जे सांगणार आहे, त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. माझाही अधूनमधून बसत नाही.

तुम्ही मला शाळेतल्या आजारी मुलांच्या खोलीत पाहता. ताप आलेले, गुडघा फुटलेले आणि नेमकं गणिताच्या तासालाच पोट दुखू लागणारे, सगळे माझ्याकडेच येतात. आज तिघं आहात. समोरच्या बाकावर दोघं पोटदुखे, आणि माझ्यावर आठवीतली एक तापवाली. ती तोंडावरून चादर ओढून पडली आहे, पाय मात्र बाहेर लोंबतायत. झोपली असेल बिचारी. आपलं चालू द्या.

मित्रांनो, मी ज्या झाडाचा, ते इतकं उंच होतं की जाता-येता ढगांना त्याची ठेच लागायची. ते पाडलं, तेव्हा शेंडा जमिनीवर टेकायला तीन दिवस लागले. एका मिस्त्रींनी त्यातून मला घडवलं. सव्वासहा फूट लांब, उशाला कोरलेल्या राजहंसांची रांग. काम संपल्यावर मिस्त्रींनी माझ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "जा बाबा, कोणाची तरी पाठ सरळ कर."

मग साहेब आले. साहेब एक उंच इमारत बांधत होते. तिची अजून पायाभरणीच चालली होती, पण शेजारी एक नमुन्याचं घर सजवून ठेवलं होतं. ते बघायचं आणि वरची, अजून न बांधलेली घरं विकत घ्यायची, अशी रीत. मला त्या घरात ठेवलं, तशा साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मिस्त्री, यानं खोली भरून गेली. सव्वा फूट काप. रुंदीलाही थोडा."

"अहो साहेब, मग माणूस झोपणार कसा यावर?"

"झोपायला कोण येतंय? बघायला येतात."

मिस्त्रींनी मान खाली घालून करवत चालवली. शेवटच्या राजहंसाचं डोकं भुशात पडलं. ते मिस्त्री स्वतः सिमेंटच्या पोत्यांच्या आडोशाला झोपायचे. शहरभर लोकांची घरं सजवली, पण त्यांना स्वतःला त्या शहरात घर नव्हतं.

त्या नमुन्याच्या घरात सगळे माझेच भाऊबंद. खुर्च्या बुटक्या, टेबल अरुंद, कपाट असं उथळ की सदऱ्याने श्वास घेतला तर दार उघडावं. खोल्यांना तर दारंच नव्हती. दार उघडायला जागा लागते ना! शिवाय एका भिंतीवर आरसा, खोली दुप्पट दिसायला. लोक येत आणि म्हणत, "अगं बाई, केवढी ऐसपैस खोली!" मला वाटायचं, माझंच कौतुक चाललंय. मी फुगायचो. लाज फार नंतर आली, मित्रांनो, पण आली ती मुक्कामालाच राहिली.

एका रविवारी एक बसचालक आले, सोबत बायको आणि लहान मुलगी. गडी इतका उंच की डेपोत त्यांना सगळे 'शिडी' म्हणत. दिवसभर पाय दुमडून बस चालवायची आणि भाड्याच्या इवल्याशा खोलीत पुन्हा पाय दुमडूनच झोपायचं. बायको कपडे शिवायची. दोघांनी बारा वर्षं पोटाला चिमटा घेतला होता, तो एकाच इच्छेपायी. या माणसाला एकदा पाय पसरून झोपता यावं.

"अहो, पलंग लावूनही एवढी जागा उरतेय की! खिडकीशी माझं मशीन बसेल."

शिडीसाहेब अवघडून माझ्या कडेवर टेकले.

"बाबा, झोपून बघा ना!" मुलगी म्हणाली. मग उशाकडे पाहत, "आई, या हंसाचं डोकं कुठे गेलं?"

घर दाखवणारा तरुण लगबगीनं पुढे झाला. "काका, बसा हवं तर, पण झोपू नका. गादी कोरी आहे."

बाईंनी सवयीनं पिशवीतून टेप काढली. माप घेतल्याशिवाय जन्मात कापडाला कात्री लावली नव्हती त्यांनी. एक टोक माझ्या उशाला टेकवलं.

"काय ताई," तो तरुण हसला, "पलंगाला झगा शिवताय का?"

मागे भारी कपड्यांतली मंडळी उभी होती. तीही खो खो हसली. बाईंचे कान लाल झाले. टेपचं दुसरं टोक हातातच राहिलं.

आता ऐका! त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अशी आरोळी ठोकली की आरसा तडकला. मी माझा पुढचा पाय माझ्या हातानं, म्हणजे आपल्या आपण, काडकन मोडून घेतला. शिडीसाहेब धाडकन माझ्यावर आडवे, आणि त्यांच्या पोटऱ्या हवेत! सगळं बिंग फुटलं. साहेब पळाले ते थेट समुद्रापल्याड, नमुन्याचं घर मोडलं आणि मी या शाळेत आलो. त्या कुटुंबानं दुसरीकडे मोठं घर घेतलं आणि शिडीसाहेब आजही पाय पसरून घोरतायत. म्हणून मित्रांनो, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण आधी ते अंथरूण मोजावं. आणि मोजणाऱ्याला कोणी हसलं, तर आपण...

"खोटं."

चादर बाजूला झाली. तापवाल्या मुलीनं पडल्यापडल्याच हात मागे नेला आणि शेवटच्या हंसाच्या कापलेल्या मानेवर बोट ठेवलं.

"पाय मोडला म्हणे! चारही शाबूत आहेत तुझे. आईनं टेप पिशवीत टाकली आणि त्याच दिवशी सही केली. आमचा पलंग नव्या घरातल्या खोलीत नेला, तर दारच लागेना. शेवटी पलंग विकला. मशीन जिन्याखाली. बाबा जमिनीवर झोपतात, डोकं खोलीत, पाय स्वयंपाकघरात. सकाळी चहा ठेवायला आई त्यांचे पाय ओलांडून जाते आणि रोज म्हणते, माझंच चुकलं."

बाकावरचे दोघं पोट धरायचं विसरून माझ्याकडे बघत होते. तिचे पाय अजून माझ्याबाहेर लोंबत होते. पोरगी बापावर गेली होती.

"म्हणे आरोळी ठोकली," ती म्हणाली. "बाबा बसले होते तुझ्यावर. तू साधा करकरलासुद्धा नाहीस."