दहाची जोडी आणि जोडीबाबांचा कौल

"महाराजांचा निरोप आला, 'चढव'! होतं नव्हतं ते सगळं डोळे मिटून चढवलं, आणि गुलामाच्या जोडीवर दुप्पट झालो!" मंचावर एक रंगारी हुंदके देत सांगत होता आणि गर्दी टाळ्यांनी छप्पर उडवत होती. त्याच्या मागोमाग एक कंपाउंडर उठला. "मला आला 'सोड'. दहाची जोडी हातात, सोन्यासारखी! जिवावर आलं, पण सोडली. पुढच्याच क्षणी टेबलावर राजा पडला, एक्का पडला. वाचलो हो, महाराज!"

कापडाच्या गोदामावरच्या त्या सभागृहात दर रविवारी संध्याकाळी मुंगीलाही शिरायला जागा नसे. मोबाइलवर पोकरच्या स्पर्धा खेळणाऱ्या निम्म्या शहराचे गुरू, जोडीबाबा, गादीवर डुलत बसलेले. "पत्ता जड नाही रे बाळांनो, पत्ता चैतन्य आहे! सर्व्हर कुठे आहे? विश्वाच्या नाभीत! तिथली लहर आधी माझ्या पोटात उठते, मग तुमच्या मोबाइलवर पोहोचते." पोटात लहरी उठल्या की बाकीचे लोक डॉक्टरकडे जातात; बाबांनी त्यावर आश्रम काढला होता. रविवारी सकाळी प्रत्येक शिष्याला बाबांच्या आवाजात निरोप जायचा: स्पर्धेच्या सुरुवातीला नऊ, दहा किंवा गुलामाची जोडी आली, तर चढवायची की सोडायची.

त्यांचाच एक शिष्य, चष्मेवाला, मात्र खाली गल्लीत, खिडकीखाली उभा होता. त्याला वर जायची बंदी होती. त्यालाही 'चढव' आलं होतं. दहाच्या जोडीवर त्याने सगळं लावलं आणि पहिल्याच फेरीत बाहेर फेकला गेला. बाबांचा नियम कडक होता: हरलेल्याने आठवडाभर मौन पाळायचं, सभेला यायचं नाही, बायकोलासुद्धा काही सांगायचं नाही. "हार बोललात की जोडी तुटते. आणि हार होते ती श्रद्धेला भोक पडलं म्हणून!"

त्याच्या श्रद्धेची तर आता चाळणी झाली होती. वर सगळे जिंकताहेत आणि आपण एकटेच करंटे, ही लाज त्याला आतून कुरतडत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. आता बाबांनी महास्पर्धा जाहीर केली होती, आणि तिच्या प्रवेशासाठी त्याने वडिलांचं काच घासायचं मशीन विकायला काढलं होतं. ते गेलं की दुकानात नुसत्या फ्रेमा उरणार होत्या. गिऱ्हाईक पुढच्या रविवारी संध्याकाळी यायचं होतं.

मधल्या आठवड्यात त्याची थोरली बहीण चष्म्याची दांडी घट्ट करायला दुकानात आली. ताई शाळेत गणित शिकवायची आणि घरातही कुणाला गुण वाढवून देत नसे. स्टुलावर एक बस ड्रायव्हर डोळे तपासायला बसला होता. त्याच्या मनगटावर काळापांढरा दोरा, भावाच्याही मनगटावर तसाच.

"एकाच बाबाचे दिसताय दोघं," ताई म्हणाली. कुणी बोलेना. "अरे, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

"मौन आहे, बाई," ड्रायव्हर पुटपुटला.

"म्हणजे हरलात!" ती भावाकडे वळली. "काल तुझी बायको माझ्याकडे रडून गेली. आपल्या वडिलांचं मशीन विकतोयस?"

चष्मेवाल्याने हातातला स्क्रू बाजूला ठेवला. "मी अडकलोय गं, ताई. बाकीचे सगळे जिंकतात. माझंच नशीब फुटकं. 'चढव' आलं, चढवलं, आणि समोरच्याकडे राण्यांची जोडी निघाली."

ड्रायव्हर ताडकन उठला. "तुम्हाला 'चढव'? अहो, मला 'सोड' आलं! माझीपण दहाचीच जोडी! सोडली, तर टेबलावर आणखी दोन दहा पडले, हातचा डाव गेला. मला वाटलं, मी मनापासून सोडली नाही."

"एकाच सकाळी, एकाच पोटातून दोन लहरी?" ताईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "छान. रविवारी मीही येते दर्शनाला."

ड्रायव्हरने तो आठवडाभर बसमध्ये चढणाऱ्यांची मनगटं न्याहाळली. दोरा दिसला की हळूच विचारायचा, "हरलात का?" लोक इकडेतिकडे बघून कुजबुजत आपली हार सांगायचे. रविवारी ते सगळे जिना चढून आले. दारातल्या सेवकाने आडवा हात घातला. "मौनवाले खाली!"

"जिंकलेल्यांचे पाय धरायला आलेत बिचारे," ताई म्हणाली. असलं पुण्य कोण अडवणार? आत जाऊन ती थेट मंचावर चढली. "आज सकाळचा निरोप सगळ्यांनी एकदमच लावा. गुरूंचा आवाज घुमू दे!"

सभागृहभर तोच मधाळ आवाज फुटला: "बाळा, जोडी आली की… चढव… सोड… सोड… चढव…"

टाळ्या थांबल्या. बाबा गडबडले. "ज्याची जशी श्रद्धा, तसा निरोप!"

"मग चढववाले उजवीकडे, सोडवाले डावीकडे," ताई म्हणाली. सभा निम्मी-निम्मी झाली. "आता ज्यांचा निरोप कधी ना कधी फसला, त्यांनी हात वर करा."

एकही हात उठेना. चष्मेवाल्याने चहूकडे पाहिलं. सगळ्या शहरादेखत आपण एकटेच करंटे ठरलो तर? त्याला वडील आठवले, मशीनवर वाकलेले. त्याने हात वर केला.

मग ड्रायव्हरचा. मग दोन्ही बाजूंनी हातच हात. गेल्या रविवारचा रंगारीसुद्धा हात वर करून ढसाढसा रडत होता.

"बघा, हा चमत्कार!" ताई म्हणाली. "अर्ध्यांना हे सांगायचं, अर्ध्यांना ते. जमलं तो मंचावर, फसलं तो मौनात. मग सभेत जिंकलेलेच दिसणार! जोडीचं म्हणाल, तर टेबलावर पहिले तीन पत्ते पडतात, तेव्हा दहापैकी सातदा त्यात दहाहून मोठं काहीतरी असतंच. आणि सुरुवातीलाच सगळं लावलंत की लहान पत्तेवाले पळतात. थांबतो तो बहुधा तुमच्याहून मोठा. थोडं लावावं, बघावं, नाही जमलं तर सोडावं. एवढंच, आणि तरी हरणं आहेच. यात नाभी कुठे आली?"

बाबांच्या पोटात मात्र तेव्हा खरीच लहर उठली असावी. ते आतल्या खोलीत गेले ते मागच्या जिन्याने पसार झाले.

दुकानाशी गिऱ्हाईक टेम्पो घेऊन उभं होतं. चष्मेवाल्याने हात जोडले. "मशीन विकायचं नाही. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा." मग आत जाऊन त्याने आधी बायकोला सगळी हार सांगितली. ती चिडली, रडली, बऱ्याच वेळाने त्याच्याजवळ येऊन बसली. मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तर लोकहो, जिंकलेल्यांच्या गोष्टी ऐकून कुणाच्याही पायावर डोकं ठेवू नका. आधी विचारा, हरलेले कुठे बसवलेत? चष्मेवाल्याच्या दारावर आता पाटी आहे: 'हरलेल्यांनी आत यावं. स्टूल आहे. बोलायला बंदी नाही.'